सोने सापडले, लाभांश कुठे?

नाशिक जिल्ह्यात सोने नाही. निदान कोणी खोदावे इतके तरी नाही. पांडवलेण्याच्या डोंगरापासून थेट साल्हेरपर्यंत जो काळा कातळ पसरला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. या कातळाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि झिओलाइट गटातले इतर देखणे स्फटिक, शिवाय ॲपोफिलाइट भरलेले असतात. जगभरचे खनिजसंग्राहक नाशिकचे नाव ओळखतात ते या दगडांमुळे. सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेले 'गारगोटी' संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सोने मात्र या लाव्हाच्या नशिबात नाही. ते सापडते कर्नाटक आणि आंध्रातल्या धारवाडी खडकांच्या पट्ट्यांत. त्यांचे वय अब्जांत मोजतात. अडीच अब्ज वर्षे ही तिथली नेहमीची गोष्ट.

तरीही सराफ बाजारात दर दिवाळीला नाणे घेणाऱ्या नाशिककराच्या डिमॅट खात्यात हल्ली 'सोन्याच्या खाणीचा शेअर' दिसू लागला आहे. बहुतेक वेळा हा शेअर डेक्कन गोल्ड माइन्सचा असतो. कारण साधे आहे: हट्टीची खाण कर्नाटक सरकारची, तिचे शेअर बाजारात नाहीत, कोलारची बंद पडली. सोन्याच्या शोधाचा धंदा करणारी आणि मुंबईच्या बाजारात नोंदलेली कंपनी शोधायला गेले की हे एकच नाव समोर येते. कंपनीची नोंदणी 1984 ची, महाराष्ट्रातलीच. तेव्हाचे नाव विम्पर ट्रेडिंग. 2003 च्या सुमारास तिने नाव बदलले आणि सोन्याच्या शोधात उतरली. तेव्हापासून आपल्याकडे अनेक सरकारे आली-गेली, सोन्याचा भाव कित्येक पटींनी वाढला. या कंपनीने भागधारकांना लाभांश मात्र दिलेला नाही.

शेअर घेतलेला माणूस लवकरच विचारतो: सोने तर सापडले म्हणतात, मग लाभांश कधी? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना मनात बँकेचे किंवा साबणाच्या कंपनीचे चित्र असते. शोधकंपनीत पैशाची वाट वेगळी असते, आणि बरीच वर्षे ती उलटी असते. भागधारकाकडून कंपनीकडे.

सिन्नर, येवला, चांदवड या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे गणित समजावावे लागत नाही. बोअरची गाडी येते, फुटाच्या दराने पैसे घेते. पाणी लागो न लागो, बिल लागतेच. शोधकंपनीचे काम याच जातीचे. फरक असा की बोअरला पाणी लागले की त्याच दिवशी चिखल उडतो आणि सगळ्या वस्तीला कळते. सोन्याच्या बोअरमधून बाहेर येतो तो दगडाचा दांडा. तो चिरायचा, अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि टनामागे किती ग्रॅम हा आकडा यायची वाट पाहायची. टनाला दोन ग्रॅम आले तरी उघड्या खाणीसाठी तो खडक विचारात घेण्याजोगा ठरू शकतो. म्हणजे लग्नात देण्याच्या एका दहा ग्रॅमच्या नाण्यासाठी पाच टन खडक फोडायचा, दळायचा आणि सायनाइडच्या द्रावणात मुरवायचा, तोही सगळे सोने हाती लागते असे धरले तर. आणि एका छिद्रात सोने मिळाले म्हणजे साठा मिळाला असे नव्हे. शेजारी दुसरे, तिसरे, शंभरावे छिद्र पाडत जावे लागते. सरकारी वर्गीकरणात या वाटेचे चार टप्पे आहेत, जी-4 ते जी-1. टेहळणीपासून तपशीलवार शोधापर्यंत. बहुतेक जागा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच गळतात.

या सगळ्या काळात कंपनीला विक्री नसते. पगार, ड्रिलिंग, प्रयोगशाळा, वकील आणि परवान्यांचा खर्च असतो. पैसा आणायचे मार्ग मोजके: नवे शेअर विकणे, असलेल्या भागधारकांना राइट्स देणे, किंवा कर्ज. बँक भूगर्भशास्त्रज्ञाच्या नकाशावर कर्ज देत नाही, म्हणून शेअरच. प्रत्येक नव्या शेअरबरोबर जुन्या माणसाचा वाटा थोडा बारीक होतो. पुढेमागे नफा झालाच तर तो अधिक पानांवर वाढावा लागणार, हे राइट्सचा फॉर्म भरताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हिशेबाच्या वहीत आणखी एक गंमत घडते. शोधावर झालेला खर्च दरवर्षी लगेच तोट्यात टाकलाच पाहिजे असे नाही. लेखामानके त्याला 'शोध आणि मूल्यमापन मालमत्ता' म्हणून ताळेबंदात ठेवू देतात. त्यामुळे नवख्या वाचकाला वाटते, कंपनीकडे इतक्या कोटींची मालमत्ता आहे. ती मालमत्ता म्हणजे आधी खर्च झालेला पैसा. जागा फळली तर ती खाणीची किंमत होते, नाही फळली तर एका तिमाहीत निर्लेखित होते आणि तोट्याचा डोंगर दिसतो. मी कोणत्याही शोधकंपनीचा अहवाल हातात घेतला की नफा-तोटा पत्रकाच्या आधी हाच आकडा पाहतो: तो वाढतोय का, आणि त्यातला कुठला तुकडा किती वर्षे तसाच पडून आहे.

आता कायदा. कंपनी कायदा 2013 चे कलम 123 म्हणते की लाभांश नफ्यातूनच द्यायचा, चालू वर्षाच्या किंवा मागच्या वर्षांच्या साठवलेल्या. आणि मागचा तोटा व मागचा राहिलेला घसारा आधी चालू नफ्यातून वजा करायचा. शेअर चढ्या भावाने विकून जो अधिमूल्याचा पैसा आला, तो कितीही मोठा असला तरी लाभांशासाठी वापरता येत नाही. हे कलम कोरडे वाटते, पण वीस वर्षे खर्चच केलेल्या कंपनीसाठी तेच निर्णायक असते. पहिल्या नफ्याच्या वर्षी भागधारक हात पुढे करतो, तेव्हा त्या नफ्यावर पहिला हक्क जुन्या तोट्याचा असतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदलेल्या कंपन्यांना लाभांश धोरण जाहीर करणे सेबीने बंधनकारक केले आहे. त्या यादीत नाव आले की काही मंडळी संकेतस्थळावरचा तो कागद वाचून खूश होतात. धोरण असणे आणि लाभांश असणे यांचा संबंध, जेवणाचे ताट मांडणे आणि स्वयंपाक होणे यांच्याइतकाच.

डेक्कन गोल्डच्या बाबतीत गोष्ट आणखी एका वळणाने जाते, आणि माझ्या मते सगळा लाभांशाचा प्रश्न त्या वळणावरच आहे.

कंपनीची ज्या खाणीवर भिस्त आहे ती आंध्र प्रदेशात, कर्नूल जिल्ह्यातल्या तुग्गली मंडलात, जोन्नगिरी इथे. हा भाग मुळातच विलक्षण आहे. जवळच एर्रगुडीला अशोकाचे शिलालेख आहेत. शिलालेखांत आलेली सुवर्णगिरी ती हीच, असे काही अभ्यासक मानतात. आणि पहिला पाऊस पडला की आजूबाजूची माणसे आजही शेतांत मान खाली घालून हिरे शोधत फिरतात, एखाद्याला मिळतोही. खाणपट्टा 2013 चा. पण तो डेक्कन गोल्डच्या नावावर नाही. तो जिओमैसूर सर्व्हिसेस या बंगळुरूच्या खासगी कंपनीचा आहे. डेक्कन गोल्डने आपले नवे शेअर देऊन जिओमैसूरचे शेअर घेतले; या अदलाबदलीनंतर तिच्याकडे जिओमैसूरचा सुमारे 40 टक्के हिस्सा आला. 2025 मध्ये डेक्कन गोल्डचे व्यवस्थापकीय संचालक हनुमा प्रसाद मोदाली यांनी जाहीरपणे सांगितले की पूर्ण क्षमतेला ही खाण वर्षाला सुमारे 750 किलो सोने देईल. भारत सगळा मिळून वर्षाला साधारण दीड टन सोने काढतो, तेही मुख्यत्वे हट्टीतून. आयात असते काही शे टनांची. तेव्हा 750 किलो म्हणजे देशी उत्पादनात मोठी भर.

बातमी आली की फोनवर हिशेब सुरू होतात. 750 किलो गुणिले आजचा भाव, भागिले शेअर. हा हिशेब चुकतो कुठे ते पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, भाकीत म्हणून नव्हेत.

भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरू. 2025 मध्ये तो याच्या पुढेच गेला. म्हणजे किलोला एक कोटी, आणि 750 किलोला 750 कोटींची विक्री. उत्खनन, दळण, वीज, रसायने, राज्याला स्वामित्वधन, घसारा, व्याज, कर हे सगळे जाऊन 30 टक्के उरले असे मानू: 225 कोटी. हा नफा जिओमैसूरचा. तिचे संचालक मंडळ सगळा नफा वाटणार नाही. कर्ज फेडायचे असते, खाण खोल न्यायची असते, यंत्रे वाढवायची असतात. एक तृतीयांश वाटला, तर 75 कोटी. त्यातला 40 टक्के वाटा डेक्कन गोल्डकडे येतो, 30 कोटी. डेक्कन गोल्डला स्वतःचे कार्यालय चालवायचे आहे आणि दुसरीकडचे शोधकामही. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात तिने निकेलचा भालुकोना-जामनीडीह गट लिलावात घेतला आहे, किर्गिझस्तानातल्या अल्टिन टोर सोन्याच्या प्रकल्पातही तिचा हिस्सा आहे. यात 20 कोटी गेले समजा. उरले 10 कोटी. मागचा तोटा वजा करायचा राहिलाच आहे, पण तो फिटला असे उदार मनाने मानू. शेअरांची संख्या सोयीसाठी 15 कोटी धरली तर शेअरमागे येतात 67 पैसे. ज्याने शेअर शंभर रुपयांना घेतला त्याला लाभांशाचे उत्पन्न 1 टक्क्याहून कमी. पोस्टाच्या बचत खात्याचे व्याज याच्या कितीतरी पुढे असते.

यातला एकेक आकडा बदला. भाव दीडपट करा, नफ्याचे प्रमाण वाढवा, वाटपाचे प्रमाण दुप्पट करा. शेवटचा आकडा पटींनी हलेल, खरे आहे. पण साखळी तीच राहील. खाणीतला रुपया भागधारकाच्या खात्यात पडण्याआधी दोन संचालक मंडळांच्या टेबलांवरून जातो, आणि प्रत्येक टेबलावर त्याला दुसरे काम सापडू शकते. एकत्रित हिशेबात जिओमैसूरच्या नफ्यातला वाटा डेक्कन गोल्डच्या नफ्यात मिळवलेला दिसतो. तो वाचून 'कंपनी नफ्यात आली' असा निरोप फिरेल. लाभांश मात्र ठरतो कंपनीच्या स्वतंत्र हिशेबावर, ज्याला बाजारात स्टँडअलोन म्हणतात. त्यात जिओमैसूरचा नफा तेव्हाच उतरतो जेव्हा ती कंपनी खरोखर लाभांश जाहीर करते. कराच्या बाजूने एक बरे आहे: लाभांश वितरण कर 2020 मध्ये गेला, आणि एका कंपनीकडून आलेला लाभांश दुसरीने ठरलेल्या मुदतीत पुढे वाटला तर तेवढ्यावर मधल्या कंपनीला कर लागत नाही. शेवटी कर भरतो तो भागधारक, आपल्या टप्प्याच्या दराने.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग शोधणाऱ्याच्या हाती काही लागतच नाही का? लागते, पण सहसा लाभांशाच्या रूपात नाही. खनिजांच्या इतिहासात शोधणारा आणि वाटणारा क्वचितच एक असतो.

कोलारचेच पाहा. मायकेल लॅव्हेल हा बंगळुरूला राहणारा निवृत्त आयरिश सैनिक. त्याने 1870 च्या दशकात म्हैसूर सरकारकडून कोलारला सोने शोधण्याचा हक्क मिळवला. पैसे संपले, हक्क दुसऱ्यांच्या हाती गेला. आज त्याच्या नावाचा बंगळुरूत एक श्रीमंत रस्ता आहे, पण कोलारचे लाभांश खाल्ले ते लंडनच्या भागधारकांनी. त्यांनाही ते सहज मिळाले नाहीत. जॉन टेलर अँड सन्स ही पेढी 1880 मध्ये तिथे आली. काही वर्षांत म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले, कंपनी गुंडाळावी असे भागधारकांतून बोलले जाऊ लागले. उरलेल्या थोड्या पैशांवर अजून एकदा खणू, असे टेलर यांनी त्यांना कसेबसे पटवले, आणि कॅप्टन प्लमर या खाणकऱ्याला चॅम्पियन शिरेचा पत्ता लागला. पुढे कोलारने साधारण 800 टन सोने दिले आणि 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली.

ही गोष्ट शेअर विकणाऱ्यांना फार आवडते. तिच्या शेजारीच घडलेली दुसरी कोणी सांगत नाही. 1880 च्या आसपास वायनाड आणि नीलगिरीच्या उतारांवर सोने आहे म्हणून लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या, लाखो पौंड जमा झाले, कॉफीच्या मळ्यांच्या किमती आकाशाला भिडल्या. काही वर्षांत सगळे बसले. वायनाडला सोने होते, फक्त काढण्याच्या खर्चापेक्षा कमी. एका कोलारमागे अशी किती वायनाडे गेली, हे लाभांशाच्या गणितात धरायला हवे.

आपल्याकडचे उदाहरण नागपूरचे आहे आणि मला ते जास्त बोलके वाटते. मॉइल ही मँगनीज काढणारी सरकारी कंपनी. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात तिच्या खाणी आहेत. पोलाद बनवायला मँगनीज लागतेच, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. ती नियमित लाभांश देते. तिचा जन्म 1896 चा, आणि जन्माचे नाव होते 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट'. म्हणजे नावातच शोध. पुढे ती ब्रिटिश मालकीची मँगनीज कंपनी झाली, 1962 मध्ये भारत सरकार व दोन राज्यांनी तिच्या मालमत्तेतून नवी कंपनी उभी केली, नंतर ब्रिटिशांचा उरलेला वाटाही सरकारने घेतला, आणि डिसेंबर 2010 मध्ये शेअर बाजारात आला. आज मॉइलचा लाभांश घेणाऱ्या नाशिकच्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या आणि त्या 1896 च्या जुगारी मंडळींच्या मध्ये शंभराहून अधिक वर्षे आणि तीन मालक आहेत. शिवाय मॉइल लाभांश देते त्यामागे एक सरकारी गरजही आहे: केंद्राच्या नियमाप्रमाणे सार्वजनिक कंपन्यांनी निव्वळ नफ्याचा किमान 30 टक्के किंवा नक्त मूल्याचा ठराविक भाग, यांतला जो जास्त असेल तो वाटायचा असतो. अर्थमंत्र्यांना महसूल हवा, त्यात छोट्या भागधारकाचेही साधते.

खासगीत गडचिरोलीचे सुरजागड. लॉइड्स मेटल्सला तिथला लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये मिळाला. जंगल, विरोध, नक्षलवाद्यांनी डिसेंबर 2016 मध्ये जाळलेल्या गाड्या, आणि मग 2021 नंतर कुठे मोठ्या प्रमाणावर उत्खनन. कंपनीचा लाभांशही त्या उत्खननानंतरचाच. इथे खनिज आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. डोंगर उघडा दिसत होता. तरी पट्ट्यापासून खऱ्या उत्पादनापर्यंत चौदा-पंधरा वर्षे गेली. सोन्यात तर आधी खनिज शोधायचे असते.

आणि खाण चालू झाली म्हणजे लाभांश कायमचा झाला असेही नाही. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून यंत्रे थांबली. ट्रकमालकांपासून बार्जवाल्यांपर्यंत सगळा किनारा कर्जाच्या हप्त्यांसाठी धावू लागला. भागधारकाचे दुःख त्या मानाने सुसह्य म्हणायचे.

कायद्याची ही धार शोधकंपन्यांनाही लागली. 2015 पर्यंत पद्धत अशी होती की ज्याने आधी अर्ज केला, शोध घेतला, त्याला खाणपट्ट्यावर पहिला हक्क. 2015 च्या दुरुस्तीने लिलाव आणला. जुन्या शोधकर्त्यांसाठी एक खिडकी ठेवली होती, ती 2021 च्या दुरुस्तीने बंद केली. झालेला खर्च परत मिळण्याची तरतूद झाली, हक्क गेला. डेक्कन गोल्डने कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरला वर्षानुवर्षे काम केले होते, खाणपट्ट्यासाठी अर्ज केला होता. ती खाण उभी राहिली नाही. सरकारची बाजू अशी की खनिज ही जनतेची संपत्ती, ती बोली लावूनच द्यावी. ते पटण्यासारखे आहे. पण ज्याने वीस छिद्रे कोरडी पाडून एकविसाव्यात सोने शोधले, त्याला फक्त एकविसाव्याचा खर्च परत मिळत असेल तर पुढच्या वेळी तो छिद्र पाडायला येणार नाही.

हे सरकारच्याही ध्यानात आले असावे. 2023 च्या दुरुस्तीने सोने, चांदी, तांबे, निकेल अशा 29 खोलवरच्या आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी शोध-परवाना नावाची नवी गोष्ट आणली. शोधणारा शोध घेतो, जागा सापडली की सरकार खाणपट्ट्याचा लिलाव करते, आणि लिलाव जिंकणारा जे अधिमूल्य सरकारला देतो त्यातला ठरलेला वाटा शोधणाऱ्याला मिळतो. परवाना कोणाला, हे ठरते उलट्या बोलीने: जो कमीत कमी वाटा मागेल त्याला. अशा 13 गटांच्या पहिल्या लिलावाची सुरुवात मार्च 2025 मध्ये गोव्यातच झाली.

लाभांशाच्या दृष्टीने ही व्यवस्था लक्ष ठेवण्यासारखी आहे. खाण न चालवता खाणीच्या उत्पन्नातला तुकडा घेणे, हा कॅनडातल्या फ्रँको-नेवाडासारख्या रॉयल्टी कंपन्यांचा धंदा. त्यांना यंत्रे घ्यावी लागत नाहीत, डिझेलचा भाव वाढला तरी झोप उडत नाही, आणि म्हणूनच फ्रँको-नेवाडा वर्षामागून वर्ष लाभांश वाढवत आली आहे. आपल्या शोध-परवान्यातून तसे उत्पन्न कधी सुरू होईल ते आधी जागा सापडणे, मग लिलाव, मग खाण, मग उत्पादन या क्रमावर अवलंबून. सुरजागडचे वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवले तर घाई करून उपयोग नाही.

कॅनडाचे नाव निघाले म्हणून ब्रे-एक्सचा उल्लेख करायलाच हवा. कॅल्गरीची ही छोटी शोधकंपनी. इंडोनेशियातल्या बुसांगला प्रचंड सोने सापडल्याचे तिने जाहीर केले, तिचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेले. 1997 मध्ये उघड झाले की नमुन्यांत सोन्याची पूड मिसळली होती. त्या धक्क्यानंतर कॅनडाने खनिज साठे जाहीर करण्याचे कडक नियम केले. आकड्याखाली जबाबदार तज्ज्ञाची सही लागते. आपल्याकडेही बीएसईला दिलेली घोषणा वाचताना साठा कुठल्या टप्प्यातला आहे, आकडा कोणाच्या सहीचा आहे, एवढे पाहिले तरी निम्म्या टिपा गळून पडतात. 'अपेक्षित', 'संभाव्य' आणि 'सिद्ध' हे तीन शब्द घोषणेत शेजारी शेजारी बसतात, पण त्यांच्यामध्ये कोट्यवधींचे ड्रिलिंग असते.

मग शेअर घ्यावा की नाही? हा लेख ते सांगत नाही. माझे मत इतकेच की ज्याला दरवर्षी हातात पैसा हवा, त्याने शोधकंपनीकडे त्या आशेने पाहू नये. चालू खाणी असलेल्या कंपन्या त्यासाठी आहेत आणि त्यांचे लाभांशही खनिजाच्या भावाबरोबर खालीवर होतात. शोधकंपनीचा शेअर घेणारा खरे तर एक पैज घेतो: ही जागा कोणीतरी मोठा विकत घेईल, किंवा कंपनी स्वतः खाणमालक होईल. परतावा आला तर शेअरच्या भावातून येईल आणि तो घ्यायचा तर शेअर विकावा लागेल. डेक्कन गोल्डने दुसरी वाट धरली आहे, शोधणाऱ्याने खाणमालक होण्याची. ती वाट लांब असते, मधे भांडवल मागणारी असते, आणि लॅव्हेलला ती जमली नव्हती.

शेअर ज्यांच्याकडे आहेच, त्यांनी वार्षिक अहवालात एक जागा शोधून ठेवावी. स्वतंत्र नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' अशी ओळ असते, तिच्यासमोर टिपेचा क्रमांक. त्या टिपेत व्याज, किरकोळ जमा आणि सहयोगी कंपनीकडून मिळालेला लाभांश वेगवेगळे दाखवलेले असतात. जिओमैसूरकडून पहिला रुपया वर येईल तेव्हा तो तिथे दिसेल. त्याच अहवालात 'इतर इक्विटी'च्या तक्त्यात साठलेला तोटा किती उरला आहे तेही दिसते. जोवर पहिल्या जागी शून्य आहे आणि दुसऱ्या जागी कंसातला आकडा आहे, तोवर सभेत कोणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी संचालक मंडळाकडे वाटण्यासारखे काही नसते.